हरिबाच्या गोळ्या आणि इम्रानचं जहाज

१३ ऑक्टोबर, सोमवार

हरिबानं गोळ्या फेकल्या. सगळ्या. घरामागं राखेच्या ढिगात पाकिटं सापडली, तीन आठवड्यांची. विचारलं तर म्हातारा म्हणाला, "लगवी लाल झाली बाई. रगत पडाया लागलं. म्या न्हाई घेनार."

टीबीच्या गोळ्यांनी लघवी लाल होते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मीच, नर्स असून, नव्हतं सांगितलं. आशाताई सुरेखाच्या हातात डबा दिला आणि माझं काम झालं असं समजले. ती आता माहेरी, बाळंतपणाला. पलीकडच्या त्या वाडीत दुसरं आहे कोण? पाच घरं, चार कुलपात. बहात्तर वर्षांचा एकटा माणूस. वजन ३८.

डॉक्टर म्हणाले, पहिल्यापासून सुरू करा, समोर उभं राहून गिळायला लावा. कोण लावणार? मीच. सोम-बुध-शुक्र, धरणाच्या पाण्यावरून लाँचनं. मधल्या दिवसांच्या गोळ्या मोजून ठेवायच्या, बाकी डबा माझ्याकडं. सहा महिने.

चौपन्नाव्या वर्षी हे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

लाँचमध्ये मी, नामूअण्णा आणि एक बाई दोन शेळ्या घेऊन. अण्णा तीस वर्षं ही लाँच चालवतात. पूर्वी बाजाराच्या दिवशी उभं राहायला जागा नसायची म्हणे. आता तिकडच्या काठानं रस्ता झालाय. तो वाडीच्या अलीकडं चार किलोमीटरवर संपतो, आणि लोकही आता तिथंवरच उरलेत.

पाणी काठोकाठ. भाटघर धरणाची भिंत लांबून दोरीसारखी दिसते.

हरिबानं तीनही गोळ्या गिळल्या आणि तोंड उघडून दाखवलं, लहान मुलासारखं. मग म्हणाला, "तुमी तोंड बांदून येता. म्या काय वंगाळ हाय का?" मास्कचं समजावलं. पटलं नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी. एसटी रिकामी, लाँच रिकामी. हरिबाकडं पणती नाही, काही नाही. मुलगा विलास कात्रजला असतो, टेम्पो चालवतो. "येनार व्हता. सूनबाई म्हनली, आजार जाऊ दे आदी." तक्रार नाही. नुसतं सांगितलं.

मुमताजभाभीनं, माझ्या शेजारणीनं, चिवडा दिला होता. त्यातला अर्धा पुडीत बांधून नेला होता. घ्यायला संकोचला. माझ्या हातचं म्हणून की काय, असं वाटून गेलं. तर म्हणाला, "दात न्हाईत बाई, चिवडा कसा चावू?" घरी येईपर्यंत हसू येत होतं. सांगायला कुणी नव्हतं.

३ नोव्हेंबर, सोमवार

इम्रानचा फोन. बेटावरचं हॉटेल हिवाळ्यापुरतं बंद झालं. मी धरूनच चालले होते की या वर्षी येईल. म्हणाला, "अम्मी, थंडीचं काम मिळालंय, मुख्य भूमीवर. संत्र्यांच्या बागेत. इथं राहायच्या कागदांचं पण चाललंय, ते झालं की येतो."

ग्रीसला जाऊन त्याला तीन वर्षं झाली. गेला तेव्हा सव्वीसचा होता. गेल्या वर्षी हेच शब्द होते, बागसुद्धा हीच.

संध्याकाळी त्यानं जहाजावरून व्हिडिओ पाठवला. बेटावरून आठ तास लागतात. नुसतं पाणी, मागं फेसाची लांब पट्टी, इंजिनाचा आवाज. तो स्वतः कुठंच नाही. दरवेळी असंच पाठवतो. मी म्हटलं, तुझं तोंड तर दाखव. म्हणाला, वारा फार आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

भातं काढून झाली. हरिबाचं एकच खाचर, तेही वाट्यानं दिलेलं. वजन ३९. मी खूश, तो नाही. "येक किलो म्हंजे काय, थंडीच्या कापडाचं आसंल."

१ डिसेंबर, सोमवार

पाणी उतरायला लागलंय. लाँच लागायची जागा वीस-पंचवीस पावलं खाली सरकली. चिखलात चप्पल रुतली. नामूअण्णांनी फळी टाकली.

अण्णा फारसं बोलत नाहीत. आज म्हणाले, "मॅडम, गोळ्या संपल्यावर ह्या काठाला कुणीच न्हाई यायचं."

१० डिसेंबर, बुधवार

दोन महिन्यांची तपासणी. सोमवारी थुंकी घेऊन भोरला दवाखान्यात दिली होती. जंतू नाहीत. आता मास्क नको. आता उरलेले चार महिने.

हरिबाला सांगितलं तर त्यानं आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं. "आसं हाय व्हय तुमचं तोंड," म्हणाला. दोन महिन्यांनी.

आज पहिल्यांदा त्याच्याकडं चहा घेतला. गुळाचा, कोरा. पायरीवर बसून. पाणी अगदी समोर. त्यानं विचारलं, घरी कोण असतं. इम्रानच्या अब्बांचं सांगितलं, ते जाऊन सहा वर्षं झाली. इम्रानचं सांगितलं. ग्रीस कुठं, हे त्याला कसं सांगायचं कळेना. म्हटलं, मुंबईच्या पुढं समुद्र, त्याच्याही पुढं. तो म्हणाला, "मंग कात्रज लई जवळ हाय."

२४ डिसेंबर, बुधवार

धुकं. समोरचं काही दिसत नव्हतं. अण्णांनी इंजिन बारीक ठेवून कानांच्या भरवशावर लाँच नेली. कुठं बगळे ओरडतात त्यावरून काठ कळतो म्हणाले. मी दोन्ही हातांनी बाक धरून.

इम्रान लहान असता तर त्याला हे आवडलं असतं. आता त्याला केवढी जहाजं रोजची.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. हरिबानं माझ्या तळहातावर तीळगूळ ठेवला. वजन ४२! चेहरा भरलाय.

घरी तीन दिवसांत कुणाशीही एक वाक्य बोलले नाही, आज लक्षात आलं. उपकेंद्रात बोलते ते लसीचं, पोलिओचं, ते धरत नाही. टीव्ही लावून ठेवते. बघत नाही.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन करून लाँच पकडली. उशीर. हरिबा काठावर येऊन उभा. म्हटलं, बाबा, एवढं खाली कशाला आलात? म्हणाला, "आसंच न्हाई का यायचं?"

इ.ला दोनदा फोन केला. बंद.

९ फेब्रुवारी, सोमवार

हरिबा नाही. दाराला कुलूप.

चार महिन्यांत पहिल्यांदा. घराच्या मागंपुढं हिंडले. हाका मारल्या. चूल थंड, बाहेर वाळत काही नाही. विहिरीत वाकून पाहिलं, नको ते मनात आलं. शनिवार-रविवारच्या गोळ्या दिल्या होत्या, आजची माझ्या पिशवीत.

विलासचा नंबर लागला नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

आजही कुलूप. पाणी हटलेल्या जमिनीत खाली काही लोक भाजी-कडधान्य लावतात, त्यांतल्या एका बाईला अण्णांनी विचारलं. ती म्हणाली, हरिबाची थोरली बहीण पासलीला दिलेली, ती वारली. निरोप आला तसा रविवारी चालत निघून गेला, रस्त्याच्या बाजूनं.

विलासला फोन लागला. "व्हय सिस्टर, आत्याचं कळलं मला. सुट्टी न्हाई मिळाली." बाबा गोळ्या घेऊन गेलेत का? "ते मला काय म्हाईत?"

तीन दिवस चुकले. आणखी चुकले तर सगळं परत पहिल्यापासून, आणि त्या वयात त्या गोळ्या परत पहिल्यापासून म्हणजे

उद्या रजा टाकते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पासलीला जाऊन आले. भोर ते कापूरहोळ, तिथून नसरापूर, मग वेल्ह्याची एसटी, पुढं पासलीपर्यंत एका जीपनं. पोचायला दीड वाजला.

वेल्ह्याला माझी पहिली नेमणूक होती. इम्रान तिथंच चालायला शिकला. स्टँडवर उतरले तर काही ओळखू आलं नाही. ज्या घरात भाड्यानं राहत होतो तिथं आता मोबाईलचं दुकान.

बहिणीच्या घरी माणसं बरीच. सगळे अंगणात, आणि बाबा एकटे गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलेले. मला बघून उठायला गेले आणि परत बसले. मी पिशवीतून गोळ्या काढल्या, पाणी दिलं. घेतल्या. कुणी काही विचारलं नाही. पांढऱ्या साडीतली नर्स बघितली की लोक वाट सोडतात.

मी चिडले होते. एवढ्या लांब आले म्हणून नाही. म्हटलं, "सांगून का नाही गेलात?"

"कुनाला सांगायचं?"

मग म्हणाले, "कुलूप लावलं आन् वाईच उबा ऱ्हायलो. वाटलं, कुनाला तरी सांगून जावं. कुत्रं बी नव्हतं बाई. मंग निगालो."

दहाव्यापर्यंत राहणार म्हणाले. तोवरच्या गोळ्या मोजून दिल्या. भाचीनं जबाबदारी घेतली. परत येताना एसटीत खिडकीशी बसून रडले. कशासाठी ते मलाही नीट सांगता येणार नाही. बहिणीसाठी तर नाहीच, तिला मी पाहिलंही नव्हतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

बाबा परतले. पाकिटं रिकामी, सगळी बरोबर. चुकलेले तीन दिवस शेवटी वाढवायचे. वजन एका किलोनं उतरलं.

उद्यापासून रोजे.

२ मार्च, सोमवार

उन्हाळा लागला. लाँचची जागा आता इतकी खाली की वर चढून वाडीला जायला वीस मिनिटं. रोजा, त्यात ऊन. बाबांनी बाकीच्या गोष्टी सोडून एकच धरलं: "तुमी पानी पीत न्हाई, आन् मला गोळ्या द्यायला येता. म्या येतो की खाली काठाला." बुधवारपासून काठावरच भेटायचं ठरलं.

इ.चा मेसेज. बागेतलं काम संपलं, बेटावर परत जाणार. हॉटेल उघडतंय.

९ मार्च, सोमवार

संध्याकाळी नमाजाआधी वझूसाठी पाय धुताना घसरले. पाय मुरगळला, घोट्याशी. मोडला नसावा. बसत सरकत खोलीत आले. भाभी लेकीकडं साताऱ्याला गेलीय.

११ मार्च, बुधवार

पाय भोपळ्यासारखा. डॉक्टरांना फोन करून रजा सांगितली. म्हणाले, बदली माणूस नाही, वाडीचं बघू. कोण बघणार ते मला माहीत आहे.

बाबांकडं कालपर्यंतच्याच गोळ्या. वाडीत मोबाईलला रेंज नाही. नामूअण्णांचा फोन बंद.

इम्रानला कळवलं नाही. काळजी करेल, आणि करून काय करेल.

खजूर आणि पाण्यावर रोजा सोडला. चालवेना म्हणून.

१२ मार्च, गुरुवार

हे नीट लिहून ठेवायचंय.

दुपारी अडीचला दार वाजलं. सरकत जाऊन कडी काढली. दारात हरिबाबा. धुतलेलं धोतर, टोपी, हातात पिशवी. धापा टाकत.

"काल तीन येळा लाँच आली. तिनी येळा तुमी न्हाई. आज सकाळी नामूला म्हनलो, मला पल्याड सोड."

तिथून एसटीनं भोरला. स्टँडपासून नर्सबाईंचं घर विचारत आमच्या गल्लीत आले. मी विचारणार होते, एवढ्या लांब कशाला. तर तेच म्हणाले, "कालची गोळी ऱ्हायली. आन् आजची बी. म्हून आलो."

पिशवीत तांदूळ. नवे, त्यांच्या खाचरातले.

डबा कपाटावर. मला पोचेना. त्यांनी काढला. गोळ्या घेतल्या, रिकामं पाकीट माझ्यापुढं धरलं, नेहमीसारखं. मग पायाकडं बघितलं. "कुनाला सांगितलं?" डॉक्टरांना, म्हटलं. "लेकाला?" नाही. मग म्हणाले, "मला पासलीला येऊन रागं भरलात. आन् सोता?"

तेवढ्यात इम्रानचा व्हिडिओ कॉल. नेमका. तो जहाजावर, बेटाकडं निघालेला. मी पाय पदराखाली घेतला. "अम्मी, कशी आहेस?" बरी आहे. आणि बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला! कधी धरला नव्हता त्यांनी तसा. उलटा धरला, मग सुलटा केला.

"कोण?" इम्रान.

"म्या हरिबा. तुज्या आईचा पेशंट. आई पडलीया. पाय सुजलाय, घरात कुनी न्हाई."

मी फोन मागत होते. देईनात. पडद्यावर पाणी आणि पांढरा कठडा. बाबा बघत राहिले. "ही लाँच हाय व्हय? लई मोटी."

"हो, खाली गाड्या पण असतात. ट्रक."

"ट्रक? पान्यावर?" मग एकदम, त्याच आवाजात: "तू कवा येनार?"

तीन वर्षांत हे मी असं सरळ एकदाही विचारलं नाही. विचारते ते फिरवून. सुट्टी आहे का, ईदला जमेल का, कागदांचं काय. इंजिनाचा आवाज तेवढा. मग, "आवाज कटतोय बाबा," म्हणाला, आणि फोन बंद.

आवाज कटत नव्हता.

मी खूप बोलले बाबांना. तुम्हाला कुणी सांगितलं होतं मधे पडायला. आमचं आम्ही बघू. तुमचा विलास दिवाळीला येत नाही, त्याला विचारा आधी. शेवटचं बोलायला नको होतं. ते उठले, टोपी सारखी केली. "शेवटली लाँच गाठाया पायजे." दार ओढून घेऊन गेले. रविवारपर्यंतच्या गोळ्या त्यांना द्यायच्या राहिल्या, मग मीच दारातून ओरडून बोलावलं. आले, घेतल्या, गेले.

तांदळाची पिशवी इथंच.

१६ मार्च, सोमवार

लंगडत गेले. बाबा काठावर होते. गोळ्या घेतल्या. तोंड उघडून दाखवलं. पाय कसा आहे, बरा आहे. एवढंच. मी माफी मागायची ठरवून गेले होते, नाही मागितली.

इम्रानचा फोन नाही. चार दिवस.

१८ मार्च, बुधवार

नाहीच.

आज लाँचमधून उतरताना म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी वंगाळ बोलले." ते म्हणाले, "खरं बोललात." आणि मग, "म्या विलासला कदी ये म्हनालोच न्हाई. त्याला वाटलं आसंल म्हाताऱ्याला नड न्हाई. त्यो बी यायचा थांबला." हे बोलताना पाण्याकडं बघत होते, माझ्याकडं नाही.

२१ मार्च, शनिवार

ईद. नमाजाहून येणाऱ्यांचा आवाज गल्लीत. शिरकुर्मा केला, अर्धी वाटी. भाभी परत आली, तिनं बिर्याणी पाठवली.

अकराला इम्रानचा फोन. ईद मुबारक म्हटलं.

मग त्यानं सांगितलं. जसं बोलला तसं लिहिते.

"अम्मी, माझ्याकडं कागद नाहीत. पहिल्या वर्षाचा परवाना होता, तो संपला. नवीन अर्ज केला नाही. एकानं करून देतो म्हणून पासपोर्ट घेतला होता, त्यानं पण महिनाभर फिरवलं मला. पासपोर्ट आलाय परत. पण परवाना नाही."

"तू तर म्हणालास चाललंय."

"नाही चाललं. काहीच नाही चाललं."

जहाजावर चढताना बंदराच्या फाटकात पोलीस असतात. रोज सगळ्यांना विचारत नाहीत. पण हा आठ तास मागच्या कोपऱ्यात उभा राहतो, जिथं वाऱ्यामुळं कुणी थांबत नाही. आत बसत नाही. दोन वर्षं, दर हिवाळ्यात एकदा जाताना, एकदा येताना. म्हणून नुसतं पाणी. म्हणून तोंड नाही.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाला, "तू एकटी आहेस. तुला सांगून काय करणार."

कुठून शिकला हे, ते मला माहीत आहे.

मग म्हणाला, "मी आलो तर परत जाता येणार नाही. कधीच. तू सांग. तू ये म्हणालीस तर येतो. राहा म्हणालीस तर राहतो."

मी म्हटलं, विचार करून सांगते. आपल्याच पोराला!

२३ मार्च, सोमवार

बाबांना सांगितलं सगळं. लाँच उभी, अण्णा पण ऐकत होते. बाबा म्हणाले, "माज्यामुळं झालं." म्हटलं, नाही.

अण्णांनी विचारलं, "मग काय सांगणार मॅडम?"

३० मार्च, सोमवार

झोप नाही नीट. बी.पी. वाढलंय, स्वतःचं स्वतः मोजलं.

ये म्हणावं, तर ते माझ्यासाठी. तिथं कमावतो, इथं येऊन काय करेल? राहा म्हणावं, तर आणखी किती वर्षं त्या कोपऱ्यात उभा करू? एकदा पकडलाच तर पाठवूनच देतील, तेही कसं, देव जाणे. आणि मी ये म्हटलं आणि तो इथं सुकला तर? मग तो माझ्याकडं बघेल रोज.

४ एप्रिल, शनिवार

शेवटची गोळी. चुकलेले चार दिवस मिळवून. शनिवार असूनही गेले. बाबांनी गिळली, तोंड उघडलं, मिटलं. "झालं?" झालं. थुंकीचा डबा घेतला. वजन ४४.

"आता तुमचं काम न्हाई हितं," म्हणाले. मी म्हटलं, अहवाल द्यायला येईनच. पुढचं बोलणं नामूअण्णांच्या हॉर्ननं तोडलं.

५ एप्रिल, रविवार

इम्रानला फोन केला. म्हटलं, "मला विचारू नकोस. तुला काय वाटतं ते सांग. खरं."

भांड्यांचे आवाज. मग, "मला घरी यायचंय अम्मी." आवाज फुटला. आठ वर्षांचा असताना फुटायचा तसा. मग लगेच, "पण आल्यावर मी काय करू? मला सांग ना. भोरमध्ये मी काय करू?"

मग तोच म्हणाला, बघ, तुलाही माहीत नाही.

८ एप्रिल, बुधवार

अहवाल आला. निरोगी. डॉक्टरांनी कार्डावर शिक्का मारला, "चांगलं केलंत शमीमबाई," म्हणाले.

लाँचनं जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं. विलासला कळवलं म्हणे, अण्णांच्या फोनवरून. स्वतः. "म्हनलो, बरा झालो. आता ये, पोरांना घिऊन. त्यो म्हनला, मे म्हैन्यात बगू." मे महिना सोडला तर दुसरं काही बोलला नाही, पण 'बघू' म्हणाला. बाबा ते दोनदा सांगत होते.

आता पाणी इतकं गेलंय की आठवडाभरात लाँच बंद करतील. पावसाळ्यानंतरच. निघताना त्यांनी विचारलं नाही परत कधी, मीही सांगितलं नाही. अण्णांनी लाँच वळवली तेव्हा ते अजून उभे होते. मी हात केला. त्यांनी कार्ड वर धरलं.

१२ एप्रिल, रविवार

आज कापूरहोळला गेले. कुणाला न सांगता.

हायवेला लागून ढाबे आहेत, सहा-सात. एकेका ढाब्यात शिरले. पहिल्यानं मला गिऱ्हाईक समजून बसवलं, म्हणून थाळी घ्यावी लागली. एकटी बाई थाळी खातेय म्हणून वाढणारा सारखा बघत होता. तिथं काम नाही म्हणाले. दुसऱ्यानं ऐकूनही घेतलं नाही. तिसऱ्यात कॅशपाशी एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी खुर्ची दिली.

म्हटलं, माझा मुलगा स्वयंपाकी आहे. मासे, मटण, तंदूर, सगळं येतं.

"आत्ता कुठं आहे?"

"ग्रीसला. बेटावर, हॉटेलात."

ते हसले, मग माझ्याकडं बघून हसायचे थांबले. "तिकडचा माणूस हितं टिकंल का बाई?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

खरंच माहीत नाही. खोटं बोलायला जमलं असतं, नाही बोलले. ते म्हणाले, "माझा माणूस महिनाअखेरीला गावी चाललाय. तवर सांगा. आल्यावर हात बघू, मग ठरवू."

एसटीत सगळा वेळ काय बोलायचं ते जुळवत होते. भोरला उतरेपर्यंत अर्धं विसरले. उरलं ते लिहून ठेवते, फोनवर घोटाळा नको:

ये. माझ्यासाठी नको, तुला यायचंय म्हणून ये. कापूरहोळला एक काम बघितलंय. चांगलं आहे की नाही ते माहीत नाही. तुझ्या हॉटेलाएवढं नक्कीच नाही. नाही पटलं तर दुसरं बघू, मी बरोबर येईन.

चारला लावला. उचलला नाही. आज तिकडं त्यांचा मोठा सण, हॉटेल भरलेलं असणार असं म्हणाला होता. साडेपाचला लावला. वाजून वाजून बंद झाला.

भात टाकलाय. तो होईपर्यंत परत लावते.